पडायला उभे

मतदान यंत्राच्या एका पट्टीवर सोळा बटणं असतात. वरच्या तीन-चार नावांपर्यंत मतदार निर्धास्त असतो. ती नावं त्यानं महिनाभर भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर आणि जावयाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेली असतात. त्याखाली मात्र परका मुलूख सुरू होतो. कुठे ढोबळी मिरची, कुठे नेलकटर, कुठे सीसीटीव्ही कॅमेरा, आणि प्रत्येकाशेजारी पासपोर्ट आकाराच्या फोटोत एक गंभीर गृहस्थ. हे आपल्याच मतदारसंघात राहतात, आपलं भलं करायला निघाले आहेत, आणि आपल्याला याचा पत्ताच नाही! ओळखीचं बटण दाबून मतदार बाहेर येतो आणि बोटावरची शाई वाळवत पहिला प्रश्न विचारतो : "हे बाकीचे उभे तरी कशाला राहतात हो?"

उत्तरं तयारच असतात. पैसे घेतले असतील. कुणीतरी उभं केलं असेल. हौस, दुसरं काय! जो जिंकण्यासाठी उभा आहे त्याला मात्र कुणी कारण विचारत नाही. खरं तर विचारायचं असेल तर त्यालाच विचारायला हवं, पण तो नंतर पाच वर्षं भेटत नाही.

२०२४च्या लोकसभेला ५४३ जागांसाठी ८,३६० उमेदवार होते. त्यातले ३,९२१ अपक्ष. निवडून आलेले अपक्ष सात, अनामत गेलेले ३,९०५. वजाबाकी केली तर नऊ उरतात. हे नऊ जण हरले, पण त्यांचे पैसे परत आले. लोकशाहीत यांची अवस्था सर्वांत अवघड म्हणावी लागेल, कारण त्यांना विजयाची मिरवणूकही काढता येत नाही आणि हौतात्म्यही मिरवता येत नाही.

अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. लोकसभेच्या मतदारसंघात हा आकडा दीड-दोन लाखांच्या घरात जातो. म्हणजे एका मध्यम शहरानं तुम्हाला भरभरून मतं दिली तरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात 'डिपॉझिट जप्त' असंच छापून येणार. ही खोड नवीनही नाही. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत ५३ पक्ष आणि १,८७४ उमेदवार होते, आणि त्यातल्या ७४५ जणांनी अनामत घालवली. देशाला मतदान कसं करायचं ते शिकवायचं होतं, पडायचं कसं हे मात्र आपल्याला उपजत येत होतं.

आता छोट्या पक्षाकडे वळू. असा एक राष्ट्रीय अध्यक्ष प्रत्येक तालुक्यात असतो. त्याचं झेरॉक्सचं दुकान असतं, किंवा तो निवृत्त ग्रामसेवक असतो, किंवा मोठ्या पक्षात वीस वर्षं सतरंज्या उचलून झाल्यावर जिल्हा परिषदेचं तिकीट ऐन वेळी कुणाच्या तरी भाच्याला गेल्यानं त्याला वैचारिक मतभेदांची जाणीव झालेली असते. पक्ष नोंदवायला किमान शंभर सदस्य लागतात, तेही मतदार यादीत नाव असलेले, आणि दहा हजार रुपये शुल्क. शंभर माणसं गोळा करणं अवघड नसतं. एका चांगल्या बारशाला एवढी जमतात. अवघड असतं पक्षाचं नाव. 'भारतीय', 'जन', 'लोक', 'समाज', 'विकास', 'क्रांती' यांच्या सगळ्या जोड्या आधीच कुणी ना कुणी लावून ठेवलेल्या असतात. नावावर पहिली बैठक होते, आणि पहिली फूटही त्याच बैठकीत पडते. खजिनदारपद बहुधा वहिनींकडे जातं, कारण खजिन्यात जे काही असतं ते त्यांचंच असतं.

कायद्याची मात्र या पक्षावर विलक्षण श्रद्धा आहे. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टार प्रचारक जाहीर करता येतात, आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षालाही वीस! शंभर सदस्यांच्या पक्षात वीस तारे म्हणजे दर पाच जणांत एक. एवढं तारांगण बॉलिवूडलाही जमलेलं नाही. या वीस जणांच्या प्रवासखर्चाचा हिशेब उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही, अशी त्यात सवलत आहे. हे तारे एसटीनं हिंडतात, तेव्हा आयोगाचं फारसं नुकसान होत नाही.

दुसरीकडे काटेही आहेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तर याला दहा लागतात. दहा सूचक गोळा करून अर्ज भरायचा, छाननीत तो टिकवायचा, मग माघारीच्या दिवसापर्यंत घरी येणाऱ्या शिष्टमंडळांना चहा पाजायचा. ही मंडळी त्याला बसवायला आलेली असतात. "भाऊ, तुमचं काम आम्ही लक्षात ठेवू." भाऊंनी हे वाक्य आधीच्या पक्षात वीस वर्षं ऐकलेलं असतं. माघारीची वेळ दुपारी तीनला संपते. तीन वाजेपर्यंत भाऊ तालुक्यातले सर्वांत महत्त्वाचे पुरुष असतात. तीन वाजून पाच मिनिटांनी ते पुन्हा झेरॉक्स काढायला बसतात.

मग चिन्हवाटप. हत्ती, सिंह वगैरे जुन्यांकडे राहिले. प्राणी-पक्षी नव्यानं देणं आयोगानं केव्हाच बंद केलं. आता जे मिळतं ते घरातलं : भेंडी, फ्लॉवर, आलं, मटार, हिरवी मिरची, नूडल्स, प्रेशर कुकर, टूथपेस्ट, मोजे, चपला, बेबी वॉकर. जातीअंताची किंवा शेतकरी राज्याची घोषणा द्यायची आणि शेवटी म्हणायचं, 'फुलकोबीसमोरील बटण दाबा'. याला जे धैर्य लागतं ते कमळ, पंजावाल्यांना कळायचं नाही. एक मात्र खरं की भाजीवाल्याकडे पिशवी उघडली की प्रचार आपोआप होतो.

एवढा खटाटोप करण्यामागे अलीकडे एक नवं कारण आलं आहे, आणि ते निव्वळ जिवाचं आहे. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवणारे आणि दिलेल्या पत्त्यावर न सापडणारे पक्ष निवडणूक आयोगानं २०२५ मध्ये यादीतून काढून टाकायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये ३३४ गेले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. आठशे पक्ष गेले आणि देशात कुणाच्या घरी सुतक पाळल्याचं ऐकिवात नाही. यातल्या काहींचा जनसेवेपेक्षा आयकर कायद्याशी जास्त घरोबा होता. नोंदणीकृत पक्षाला उत्पन्नावर करमाफी, देणगी देणाऱ्यालाही वजावट, असा तो दुहेरी आनंद. २०२२मध्ये आयकर खात्यानं अशा काही पक्षांच्या दारावर थाप मारली होती. त्यांच्याबद्दल मला लिहायचं नाही. ते पडायलासुद्धा उभे राहत नव्हते, त्यामुळे ते या लेखाच्या योग्यतेचे नाहीत.

मला लिहायचं आहे ते खरोखर पडणाऱ्यांबद्दल. माझं म्हणणं असं की संपूर्ण निवडणुकीत डोकं ठिकाणावर असलेला माणूस बहुधा हाच असतो. तो पंचवीस हजार रुपये देऊन स्वतःची जनगणना करून घेत असतो. (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मे.) आपल्या विचाराचे, जातीचे, पिकाचे किंवा दुखण्याचे लोक या मतदारसंघात नेमके किती आहेत, हे एरवी कळायचा मार्ग नाही. सर्वेक्षण करायचं म्हटलं तर कंपन्या लाखो मागतात आणि शेवटी तुम्हाला आवडेल तेच सांगतात. इथं केंद्र सरकारचा बंदोबस्त, राज्य सरकारचे शिक्षक, सीलबंद यंत्र, आणि निकालानंतर बूथवार आकडे. कोणत्या वाडीत ४१ आणि कोणत्या पेठेत तीन, सगळं शिक्क्यानिशी! सरकारची स्वतःची जनगणना २०२१ला व्हायची ती राहून गेली, ही मात्र दर पाच वर्षांनी वेळेवर होते.

आणि ही मोजणी झाली की पुढे काय घडतं, हे पाहायला रायगडसारखा मतदारसंघ नाही.

२०१४ला रायगडात शिवसेनेचे अनंत गीते आणि राष्ट्रवादीचे सुनील तटकरे समोरासमोर होते. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), म्हणजे कोकणातला जुना आणि जिल्ह्याबाहेर लोक ज्याचं नाव विसरत चालले आहेत असा पक्ष, त्यानं आपला वेगळा उमेदवार दिला. तो निवडून येणार नाही हे अलिबागच्या समुद्रालाही ठाऊक होतं. त्याला सव्वा लाखाहून जास्त मतं पडली. तटकरे हरले ते २,११० मतांनी. त्यात आणखी एक गंमत अशी की तटकऱ्यांच्याच नावाचा एक अपक्ष यंत्रावर होता, आणि त्यालाही साडेनऊ हजारांहून अधिक लोकांनी निवडलं होतं. तटकऱ्यांचा पराभव करायला शेकापची गरज नव्हती, स्वतः तटकरे पुरेसे होते, असं म्हणायला हरकत नाही. पण राजकारणात लक्षात राहतो तो सव्वा लाखाचा आकडा. २०१९ला शेकापनं उमेदवार दिला नाही, तटकऱ्यांना पाठिंबा दिला. तटकरे एकतीस हजारांवर मतांनी निवडून आले. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी पाडलं त्यांचेच हार गळ्यात पडले, आणि हार घालणाऱ्याचा व घालून घेणाऱ्याचा, दोघांचाही चेहरा फोटोत प्रसन्न आहे. हे शिकण्यासारखं आहे.

(२०२४ला शेकाप गीत्यांकडे गेला, आणि तटकरे तरीही जिंकले, तेही मोठ्या फरकानं. जनगणना जुनी झाली की अशी फसते. म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते.)

याच शास्त्रात महादेव जानकरांनी जवळजवळ पदवी घेतली. २००९ला ते माढ्यात उभे राहिले, समोर खुद्द शरद पवार. राष्ट्रीय समाज पक्षाच्या या गृहस्थांना लाखाला थोडी कमी मतं पडली आणि अनामत काही वाचली नाही. शहाण्या माणसांनी त्यांना वेड्यात काढलं. पण ती मतं कुणाची आणि कुठल्या गावांतली, हे ज्यांना वाचायचं होतं त्यांनी वाचलं. २०१४ला महायुतीनं त्यांना बारामती दिली. तिथं सुप्रिया सुळे जिंकल्या, पण मताधिक्य सत्तर हजारांच्या आत आलं. बारामतीत पवारांच्या घरात त्या रात्री पिठलं-भाकरी गोड लागली नसावी. जानकर हरले आणि २०१६ला राज्याचे पशुसंवर्धन व दुग्धविकास मंत्री झाले. महाराष्ट्रात असे कितीतरी लोक आहेत जे लोकसभा जिंकूनही दिल्लीत कोपऱ्यात बसून परत आले. पडून मंत्री होणं ही वेगळी साधना आहे.

क्वचित अपघातही होतात. हातकणंगल्यात २००९ला ऊसदराच्या आंदोलनातून आलेले राजू शेट्टी उभे राहिले, आणि लोकांनी मतांबरोबर वर्गणीही दिली. ते चक्क निवडून आले. २०१४ला पुन्हा आले. पुढच्या दोन निवडणुकांत मतदारांनी ती चूक दुरुस्त केली.

कांशीराम हे गणित उघडपणे मांडत. पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी पाडण्यासाठी, तिसरी जिंकण्यासाठी, असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. बहुजन समाज पक्ष १९८४ला निघाला, त्याच वर्षी त्यांनी आताच्या छत्तीसगडमधल्या जांजगीरमधून लढून पहिला टप्पा रीतसर पार पाडला. १९८८ला अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत व्ही. पी. सिंगांसमोर हरले. १९८९ला पक्षाचे तीन खासदार झाले, आणि पुढे उत्तर प्रदेशचं राज्य आलं. आमच्याकडच्या छोट्या पक्षांनी यातला पहिला टप्पा मनापासून आत्मसात केला आहे. काही जण दुसऱ्यात स्थिरावले आहेत. तिसऱ्याची घाई कुणाला नाही.

दुसऱ्या टप्प्याचं काम करणाऱ्याला हल्ली 'बी टीम' म्हणतात. २०१९ला वंचित बहुजन आघाडीनं महाराष्ट्रात जवळजवळ सगळ्या जागा लढवल्या, तेव्हा हा शब्द इतक्यांदा वापरला गेला की शाळेतल्या मुलांनी क्रिकेटमध्ये बी टीमकडून खेळायचं बंद केलं असेल. यातली वृत्ती मला मोठी मौजेची वाटते. मोठ्या पक्षाचा उमेदवार पडला की मतं 'खाल्ली' गेलेली असतात, जणू ती त्याच्या सातबाऱ्यावर होती आणि कुणी रात्री बांध कोरला. मतदारानं स्वतःहून दुसरं बटण दाबलं असेल, ही शक्यता कुणी विचारातही घेत नाही. साताऱ्यात २०२४ला मात्र तक्रारीला जागा होती. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि एका अपक्षाला मिळालं नुसतं वाद्य, ज्याला लोक पिपाणी म्हणत होते. पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला आणि पिपाणीला ३७,०६२ मतं मिळाली. माणूस काढून घेतला तरी वाद्य एवढं वाजतं, हे कळल्यावर कोणता पक्ष माणसावर खर्च करील?

रिपब्लिकन पक्षाबद्दल बोलायचं तर कंसात बोलावं लागतं. नावापुढे कंस, कंसात नेत्याच्या आडनावाचं अक्षर. १९९८ला हे कंस थोडे दिवस बाजूला ठेवले गेले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे असे चौघेही लोकसभेत गेले, तेही खुल्या जागांवरून. गणित सुटल्यावर ते पुसून पुन्हा मांडायचं असतं असा काहींचा समज असावा, कारण कंस लवकरच परत आले.

आतापर्यंतचे सगळे जण कधी तरी काही तरी मिळावं म्हणून उभे होते. बेळगावचे लोक मात्र वेगळ्याच कारणानं उभे राहिले. १९९६ला महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बाजूच्या मराठी माणसांनी सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधायला एक सोपा उपाय काढला : शक्य होईल त्यानं उभं राहायचं. बेळगाव लोकसभेच्या एका जागेला ४५६ उमेदवार झाले. यंत्रं नव्हती, कागदी मतपत्रिका होती. ती उघडायची, साडेचारशे नावांतून आपलं शोधायचं, शिक्का मारायचा, पुन्हा घडी घालून पेटीच्या फटीतून आत ढकलायची. ज्या बाईंना रांगेत उभं राहून घरी स्वयंपाकाला जायचं होतं त्यांचं काय झालं असेल! अनामत तेव्हा पाचशे रुपये. साडेचारशे लोकांची मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास. या रकमेत आज एका मंत्र्याच्या स्वागताच्या कमानीसुद्धा उभ्या राहत नाहीत. आणि त्यात भारत सरकारला कळवलं गेलं की इथं काही तरी दुखतंय.

त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात, पाण्यातल्या फ्लोराइडनं हाडं वाकलेल्या भागातून ४८० जण उभे राहिले. तमिळनाडूत मोडकुरिचीच्या विधानसभेला तर १,०३३, आणि मतपत्रिकेची पुस्तिका झाली. त्यातल्या ८८ जणांना एकही मत पडलं नाही. म्हणजे स्वतःचंही नाही. मला या ८८ जणांबद्दल फार आदर वाटतो. इतकी तटस्थता संतांनाही साधत नाही.

सरकारनं दुखणं ऐकलं की नाही ठाऊक नाही, पण गर्दी मात्र पाहिली. अनामत पाचशेची दहा हजार केली. १९९६ला देशभर १३,९५२ उमेदवार होते, १९९८ला ४,७५० उरले. नंतर ती पंचवीस हजार झाली. तरी बेळगावची मोजणी थांबलेली नाही. २०२१च्या पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाहून जास्त मतं मिळाली, आणि जिंकणारा आणि दुसरा यांच्यातला फरक होता पाच हजारांच्या थोडा वर. दोन्ही राष्ट्रीय पक्षांनी त्या रात्री मराठीतून विचार केला असेल.

पंचवीस हजारांनीही न डगमगणारे निघाले ते निजामाबादचे हळद उत्पादक. हळदीचा भाव पडला की काय होतं ते सांगलीकरांना समजावून सांगायला नको. २०१९ला तिथले पावणेदोनशे शेतकरी लोकसभेला उभे राहिले. एकूण उमेदवार १८५. प्रत्येक बूथवर बारा-बारा यंत्रं जोडून ठेवावी लागली. मतदार मतदानाला आला की टीव्हीच्या शोरूममध्ये, हे कळायला दोन मिनिटं जात असतील. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या कन्या के. कविता पडल्या, हळद मंडळ आणतो म्हणणारे भाजपचे उमेदवार निवडून आले. झाडून सगळ्या शेतकऱ्यांची अनामत गेली. जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचं उद्घाटन झालं, आणि मुख्यालय निजामाबादला. हळदीचं भलं झालं की नाही हे हळद सांगेल, पण पाटी लागली. पंचवीस हजारात सरकारी पाटी मिळवून देणारा दुसरा मार्ग कुणाला माहीत असेल तर त्यानं तो दलालापासून लपवून ठेवावा.

तर आपल्या तालुक्यातले राष्ट्रीय अध्यक्ष. मतमोजणीच्या दिवशी ते सकाळी सातलाच केंद्रावर हजर असतात. मोठ्या उमेदवारांचे प्रतिनिधी आघाडी-पिछाडीनं घामाघूम, यांचा जीव शांत. प्रत्येक फेरीला ते एका जुन्या वहीत आकडे टिपतात. वाकडीत ११२, म्हणजे पाव्हण्यांनी शब्द पाळला. स्टेशन रोडला चार, म्हणजे ज्या कट्ट्यावर रोज चहा पाजला त्यातल्या निम्म्यांनी दगा दिला. एकूण अकरा हजार तीनशे. संध्याकाळी गुलाल दुसऱ्याच्या गल्लीत उधळला जातो, आणि दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार नऊ हजारांनी पडलेला असतो.

रात्री साडेनऊला फोन वाजतो. महिनाभर सभांमधून यांना 'सुपारीबाज' म्हणणारे तालुकाध्यक्षच पलीकडे असतात.

"काय भाऊ, जेवण झालं का? चांगली टक्कर दिलीत हो! बरं, विधानसभेला काय ठरवलंत?"

"अजून काही नाही. कार्यकारिणीशी बोलून कळवतो," भाऊ म्हणतात आणि फोन ठेवतात.

कार्यकारिणी ओट्यापाशी भांडी विसळत असते. मागं न वळता ती म्हणते, "ते पंचवीस हजार आधी द्या म्हणावं. बांगड्या सोडवायच्यात."